वातावरण घडते ते वाक्यात

अमेरिकन ‘हार्ड-बॉइल्ड’, म्हणजे कठोर, भावनांना थारा न देणाऱ्या रहस्यकथेबद्दल एक मत वारंवार ऐकू येते. रात्र, पाऊस, धुके, पिस्तूल आणि सिगारेटचा धूर एकत्र आणले की वातावरण आपोआप तयार होते. शैली म्हणजे त्यावरचा साज. हे मत मुळातच चुकीचे आहे.

ते खरे असते, तर १९२०मध्ये निघालेल्या, अशा कथा छापणाऱ्या ‘ब्लॅक मास्क’ मासिकातले सगळेच लेखक आज वाचले गेले असते. धूर आणि पिस्तुले सर्वांकडेच होती. टिकले ते डॅशिएल हॅमेट आणि रेमंड चँडलर यांच्यासारखे मोजके.

हॅमेटची ‘द माल्टीज फाल्कन’ (१९३०) पाहा. भागीदाराचा खून झाल्याचे खासगी हेर सॅम स्पेडला रात्री फोनवर कळते. सॅन फ्रान्सिस्कोचे धुके हाताशी असूनही हॅमेट आपल्याला दाखवतो ती स्पेडची बोटे: कागदावर तंबाखू पसरणारी, सावकाश सिगारेट वळणारी. दुःख झाले, राग आला की सुटल्यासारखे वाटले, याबद्दल अवाक्षर नाही. कादंबरीभर लेखक स्पेडच्या मनात शिरतच नाही. त्यामुळे वाचकाला नायकाचाही भरवसा वाटत नाही, आणि हा संशयच त्या कादंबरीची हवा आहे.

यावर कोणी म्हणेल, चँडलरच्या उपमा तरी साजच ना? तसेही नाही. ‘द बिग स्लीप’ (१९३९) सुरू होते सकाळी अकराला, एका धनाढ्याच्या वाड्यात. तिथल्या ऑर्किडच्या काचघरात निवेदक मार्लोला मांसाची आणि मेलेल्या माणसांच्या बोटांची आठवण होते. गुन्हा उलगडण्याच्या कितीतरी आधी त्या उपमांनी घराण्याचा सडकेपणा सांगून टाकलेला असतो. याच कादंबरीत त्या घराण्याच्या शोफरच्या मृत्यूचा उलगडा शेवटपर्यंत होत नाही. तरीही लोक ती पुन्हापुन्हा वाचतात, कारण त्यांना हवी असते मार्लोची नजर, आणि ती त्याच्या वाक्यांतच सापडते.

कथानक बिनमहत्त्वाचे आहे, असा माझा दावा नाही. पण शंका असेल त्याने एक प्रयोग करावा. ‘माल्टीज फाल्कन’मधले धुके पुसून टाकावे, कादंबरी उभी राहील. मग त्या सिगारेटच्या प्रसंगात ‘स्पेडला फार वाईट वाटले’ एवढेच वाक्य घालावे. धुके परत आणले तरी ते वातावरण परत येणार नाही.