खरेदी आणि संमती

कॅनडातील कॅल्गरी शहराच्या ग्लेनबो वस्तुसंग्रहालयात ब्लॅकफूट लोकांची पवित्र गाठोडी कित्येक वर्षे ठेवलेली होती. परक्याच्या डोळ्यांस ती चामड्यात बांधलेली वस्तू. ब्लॅकफूटांच्या लेखी ती सजीव आहेत, आणि एका रक्षकाकडून दुसऱ्याकडे ती विधिपूर्वकच सोपविली जातात.

अशी पुष्कळ गाठोडी संग्राहकांनी पैसे मोजून घेतली. मग तक्रार कसली, असे तुम्ही विचाराल. मी वकील आहे. विक्रीचा कागद हाती आला की विकणारा मोकळा होता काय, हे मी प्रथम पाहतो. १८९५ च्या दुरुस्तीने इंडियन ॲक्टने आदिनिवासींच्या विधींतील महत्त्वाचे भाग गुन्हा ठरविले. १९२७ साली तर हक्काच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीवाचून पैसे गोळा करणेही गुन्हा झाले. १९५१ पर्यंत ही कलमे जिवंत होती. विधी करील तो गुन्हेगार आणि वकील देण्यास वर्गणी जमवील तोही गुन्हेगार! अशा काळातील विक्रीस संमती म्हणणे मला तरी जमणार नाही.

२००० साली आल्बर्टा प्रांताने कायदा केला. ग्लेनबोने २५१ पवित्र वस्तू परत दिल्या. त्याने संग्रहालय ओस पडले काय? उलट २००१ साली ब्लॅकफूट वडीलधाऱ्यांनी संग्रहालयाच्या बरोबरीने आपल्या इतिहासाचे दालन तेथे उभे केले.

इंग्लंडातील एक्झिटरच्या संग्रहालयाने १९०४ साली विकत घेतलेला क्रोफूट या ब्लॅकफूट नायकाचा पोशाख मात्र त्याच्या लोकांस परत मिळण्यास २०२२ साल उजाडले.