धग कुठे नेणार?

अणुसंमीलनाची बातमी आली की मथळा ठरलेला: पृथ्वीवर सूर्य, पंधरा कोटी अंश, नवा उच्चांक. त्यामागचा युक्तिवादही ठरलेलाच. प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात अधांतरी राहतो, भिंतीला शिवत नाही. तेव्हा आधी घातलेल्या ऊर्जेच्या दसपट ऊर्जा काढून दाखवा, उष्णतेची विल्हेवाट काय, कारागिरांचं काम, नंतर बघू.

हे ‘नंतर बघू’ मला मान्य नाही.

पंधरा कोटी अंशांना घाबरू नये, इतकं खरं. फ्रान्समध्ये कादाराशला उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या संमीलन-भट्टीमध्ये एका वेळी असणारा प्लाझ्मा एका ग्रॅमहूनही कमी भरेल. भीती तापमानाची नाही, सतत वाहणाऱ्या शक्तीची आहे. ‘इटर’च्या नियोजित 500 मेगावॅटपैकी सुमारे 400 न्यूट्रॉन घेऊन जातात आणि चहूबाजूंच्या भिंतींवर विखुरतात. उरलेले 100, शिवाय बाहेरून घातलेले 50, प्लाझ्मातच मुरतात. जेवढं आत आलं तेवढं बाहेर जायलाच हवं. त्यातलं बरंचसं चुंबकीय रेषांवरून घसरत तळाच्या डायव्हर्टरवर, म्हणजे या भट्टीच्या धुराड्यात, येतं. 2013च्या एका अभ्यासाने या प्रवाहाची जाडी ‘इटर’साठी जेमतेम 1 मिलिमीटर वर्तवली. नंतरच्या काही संगणकी गणितांत तो पाच-सहा पट रुंद निघाला. पण अशा भरवशावर भट्टी बांधत नाहीत.

तिथल्या टंगस्टनच्या ठोकळ्यांना दर चौरस मीटरला 10 मेगावॅट सतत सोसायचे आहेत, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या दहा हजार पट. ‘टंगस्टन 3422 अंशांना वितळतं, मग काळजी कसली?’ असं विचारणाऱ्यांनी 2013 मधला इंग्लंडच्या ‘जेट’ या संमीलन-यंत्रावरचा प्रयोग पाहावा. चुंबकीय रेषा ठोकळ्यांना अगदी तिरप्या घासून जातात, म्हणून एखाद्याची कड किंचित वर राहिली तर सगळा मारा त्या कडेवर. ‘जेट’मध्ये शास्त्रज्ञांनी मुद्दाम अशी कड उघडी ठेवली आणि टंगस्टन वितळलं. वितळलं नाही तरी त्याचे अणू उडतात. ते गाभ्यात शिरले की प्रकाशरूपाने ऊर्जा उधळून प्लाझ्माच थंड करतात. धुराडं बिघडलं की चूल विझते, तरी आपण चुलीचेच उच्चांक मोजतो!

उपाय आहे. धग डायव्हर्टरच्या पाटीवर, म्हणजे त्या ठोकळ्यांच्या थरावर, आदळण्याआधीच विखरून टाकायची: कडेला निऑन किंवा नायट्रोजन सोडायचा, त्याच्या किरणांतून ऊर्जा चहूकडे फेकली जाते आणि पाटीपाशी पोचणारा प्लाझ्मा निवतो. वायू जास्त झाला तर गाभा बिघडतो, हा आक्षेप रास्त आहे. पण म्हणूनच डायव्हर्टरचा पाय, म्हणजे प्लाझ्माची पाटीपर्यंतची वाट, लांबवायचा. इंग्लंडमधल्याच कलहॅमच्या ‘मास्ट अपग्रेड’ या यंत्राने 2021 मध्ये अशा ‘सुपर-एक्स’ रचनेत पृष्ठावरची उष्णता किमान दहापट कमी झाल्याचं दाखवलं. मात्र लांब पायाला जागा लागते, चुंबकांची जादा वेटोळी लागतात, खर्च वाढतो, आणि हे सगळं पहिल्या नकाशातच ठरतं. बांधून झालेल्या पात्रात तो पाय मागाहून बसवणार कुठे?

2030च्या दशकात वीज विकू म्हणणाऱ्या कंपन्यांना म्हणून तापमान विचारू नये. पाट्या किती दिवसांनी बदलाल, ते विचारावं. फेब्रुवारी 2025 मध्ये कादाराशच्याच ‘वेस्ट’ या यंत्राने टंगस्टनच्या डायव्हर्टरवर 22 मिनिटं प्लाझ्मा टिकवला. तापमान पाच कोटी अंशच, पण माझ्या लेखी ही बातमी मोठी. तिथे तापवणारी शक्ती होती 2 मेगावॅट. ‘इटर’ला 150 पचवायचे आहेत.