पहिला खर्डा, दुसरा खर्डा

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, तेव्हा २०२३च्या सुरुवातीला पुण्यात परीक्षार्थी रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धत २०२५पर्यंत पुढे ढकलावी लागली. तयारीला वेळ हवा, ही मागणी रास्तच होती. पण पदवीपर्यंत शिकलेल्या तरुणांना मुद्देसूद लिहिण्याची धास्ती वाटावी, याची जबाबदारी शाळेला टाळता येणार नाही. शाळेत लेखन तपासलं जातं, शिकवलं मात्र फारसं जात नाही. मूल निबंध एकदाच लिहितं, तोही बहुधा गाइडातला; बाई ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांभोवती लाल गोल करतात, गुण देतात आणि वही मिटते. खरं तर लिहिणं जमू लागतं ते लिहिलेलं पुन्हा लिहिताना, आणि नेमकी तीच वेळ मुलांवर कधी येत नाही.

'मानवी जीवनात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे' हे वाक्य घ्या. त्यात शुद्धलेखनाची चूक नाही, म्हणून ते सुटतं. तिथेच 'तुमच्याकडे पाणी कधी येतं, कोण भरतं?' असं विचारलं, तर मूल लिहील: 'आमच्याकडे एक दिवसाआड नळ येतो. त्या दिवशी ताई शाळेत उशिरा पोचते.' आता सांगण्यासारखं काही सापडलं. पुढचं वाक्य त्यातूनच सुचेल. दहावीला २०१८-१९पासून कृतिपत्रिका आली, स्वमताला आणि उपयोजित लेखनाला जागा मिळाली. बदल स्वागतार्ह होता. पण वर्गातली रीत तीच राहिल्याने स्वमतसुद्धा तयार उत्तरांच्या पुस्तकात छापून आलं.

साठ मुलांच्या वह्या दोनदा कोण तपासणार, असं शिक्षक विचारतील. निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामं त्यांच्याच गळ्यात असतात, तेव्हा त्यांचा प्रश्न खराच आहे. म्हणून विषय निम्मे करा, निबंधाऐवजी एकच परिच्छेद घ्या. पहिला खर्डा मुलांनी शेजाऱ्याला वाचून दाखवावा. ऐकणारा जिथे अडखळेल तिथे खूण करावी. शिक्षकांनी फक्त दुसरा तपासावा. शुद्धलेखन हवंच, पण मजकूर उभा राहिल्यावर. यंत्र क्षणात निबंध लिहून देतं हे खरं. पण ते बरं लिहिलंय की नुसतंच गुळगुळीत, हे ओळखायलाही स्वतः खोडून लिहिलेलं असावं लागतं. मंडळाने अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांपैकी पाच गुण या दोन खर्ड्यांमधल्या सुधारणेसाठी राखून ठेवावेत. त्याला ना नवं पाठ्यपुस्तक लागतं, ना नवा कायदा.