दोन हजारांचा हप्ता आणि सात-बाऱ्यावरचे नाव



पंतप्रधान किसान सन्मान निधीचा हप्ता पडला की गावोगावच्या पारावर दोनच सूर निघतात. एक म्हणतो, "ही भीक कशाला? उसाला दर द्या." दुसरा म्हणतो, "आमाला तर तेवढंबी मिळंना!" शेतकी खात्याच्या कामाने आम्ही गटागटांतून फिरतो. पहिला सूर मोठा आहे, पण खरे दुखणे दुसऱ्यात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्याविषयी थोडक्यात. केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते; त्यात २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेची भर. २०२५ च्या खरिपात डीएपीची गोणी १,३५० ला होती, म्हणजे केंद्राच्या एका हप्त्यात दीड गोणीही बसत नाही. आडसालीच्या भांडवलापुढे रक्कम किरकोळच. पण हा पैसा टनावर नाही. दहा गुंठेवाल्याला जेवढा, तेवढाच दहा एकरवाल्याला. दराची लढाई दराच्या जागी लढावी. तिच्यापायी गरिबाच्या हप्त्याला नावे ठेवू नयेत.

आता दुसरे. पैसा सरळ खात्यात येतो, मधला हात गेला, हे उत्तमच झाले. मात्र अडले तर विचारायचे कोणाला? उसाचे बिल १४ दिवसांत आले नाही तर सभासद गट ऑफिसात येऊन आमच्या टेबलावर हात आपटतो. (आपटावाच.) इथे मोबाइलवर 'प्रलंबित' एवढेच दिसते.

कारणे बहुधा साधी असतात. हप्ता आता आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. ऊसबिल जिल्हा बँकेत येते म्हणून आपला माणूस तेच पासबुक भरून आणतो आणि "आला न्हाई" म्हणतो. पैसा मात्र कधीकाळी मोबाइलच्या कार्डासोबत उघडलेल्या खात्यात पडून असतो. कोणाची ई-केवायसी राहिलेली, म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. त्यांच्यासाठी २०२३ पासून चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय झाली आहे, हे घरच्या पोरांनी ध्यानात ठेवावे.

सर्वांत अवघड गाठ सात-बाऱ्याची. तीन भावांच्या चुली वेगळ्या, ऊसनोंद वेगळी, पण उतारा अजून थोरल्याच्याच नावावर. सरकारने १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली आहे. त्यानंतर वाटणीने नाव लागले तरी लाभ नाही. खातेदार वारल्यावर वारसाने लागले तरच मिळतो. म्हणून घरात कोणी गेले की तेराव्यानंतर वारसनोंदीचा अर्ज करावा, दहा-दहा वर्षे तसेच ठेवू नये. नवीन अर्जाला शेतकरी ओळख क्रमांकही लागतो.

आणि वाटेकरी? वर्षभर पाणी पाजणारा तो, पण उताऱ्यावर नाव नाही म्हणून हप्ता नाही. पारावर तो बोलतही नाही. ज्याची जमीन त्याला पैसा, हे या योजनेतले मोठे व्यंग आहे, आणि जमीनवाल्या सभासदांनीच ते बोलून दाखवायला हवे.

संचालक मंडळाने आठवड्यातील एक दिवस प्रत्येक गट ऑफिसात या कामासाठी एक कारकून बसवावा, अशी आमची विनंती आहे. येताना आधार कार्ड, आठ-अचा उतारा आणि घरात असतील तितकी सगळी पासबुके आणावीत.