डाग कोठे आहे?

आपण मराठीत कोड म्हणतो, आपले कन्नड बांधव ‘तोन्नु’ म्हणतात. भीती मात्र दोन्ही भाषांत एकच! वास्तविक कोड हे पापाचे फळ नव्हे, कुष्ठरोग नव्हे आणि संसर्गजन्य तर मुळीच नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेतील रंगपेशींवर उलटते, एवढेच.

बावचीचा लेप लावून उन्हात बसणे हा आयुर्वेदातील जुना उपाय. आज अतिनील किरणांचा उपचार रुळला आहे. त्याच्या जोडीला सौम्य लेसरही आला. ६३२.८ नॅनोमीटरचा तांबडा किरण त्वचा न भाजता रंगपेशींना चेतवतो, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. परंतु त्याला महिनोन्महिने लागतात आणि गुण सर्वांनाच येतो असे नाही. तेव्हा ‘आठ दिवसांत डाग नाहीसे’ अशा जाहिरातींना भुलू नये.

विज्ञान आपले काम करीतच राहील. पण मित्रहो, आपले काय? २००६ च्या ‘नितळ’ या मराठी चित्रपटाने कोड असलेल्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न मांडला. तो प्रश्न चिकोडीच्या घराघरांतलाही आहे. उपचारासाठी बेळगावला निघालेल्या मुलीशेजारी बसमध्ये कोणी बसणार नसेल, तर मला वाटते, डाग तिच्या अंगावर नाही; आपल्या नजरेत आहे. त्यावर लेसर चालत नाही.