काशीच्या वाटेवर पहिला हक्क कुणाचा?

वाराणसीला पहाटेची वर्दळ नवी नाही. सूर्योदयापूर्वी स्नानासाठी निघालेले भाविक ही या नगरीची शतकानुशतकांची दिनचर्या आहे. २०१४ मध्ये अस्सी घाटावर ‘सुबह-ए-बनारस’ हा उपक्रम सुरू झाल्यानंतर तेथे पहाटे योगासनांसाठीही लोक जमतात. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठाच्या वृक्षाच्छादित रस्त्यांवर फिरणारे, धावणारे आणि सायकलस्वार एकाच वेळी असतात. दूध किंवा वृत्तपत्रे पोहोचवणाऱ्यांसाठी मात्र सायकल हे व्यायामाचे नव्हे, तर उपजीविकेचे साधन आहे. या सर्वांनी एकच वाट कशी वापरावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ शिष्टाचाराचा राहत नाही.

प्रश्नाचे मूळ वेगातील फरकात आहे. चालणारा माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर, तर धावणारा साधारण १० किलोमीटर वेगाने जातो. सायकल सहज २० किलोमीटरचा वेग गाठते. या वेगाने १० मीटरचे अंतर दोन सेकंदांपेक्षा कमी वेळात संपते. सायकल जवळजवळ नि:शब्द चालते आणि धावणाऱ्याला मागचे दिसत नाही. त्याच्या कानांत संगीत सुरू असेल, तर घंटीही ऐकू येत नाही. अशा वेळी एकाने अचानक दिशा बदलली, तर दोघेही कोसळतात.

मात्र हा संघर्ष दोन दुर्बलांमधील आहे, हे लक्षात घ्यायला हवे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश पादचारी होते. राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच वाहनांऐवजी माणसांच्या हालचालीला प्राधान्य देण्याची भूमिका घेतली होती. प्रत्यक्षात रस्त्याचा मोठा भाग मोटारींना मिळतो आणि उरलेल्या पट्टीसाठी चालणारे, धावणारे व सायकलस्वार एकमेकांशी झगडतात. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी. एवढ्या जागेत सायकलींनाही सामावून घेणे म्हणजे दोघांचीही गैरसोय करणे होय.

स्वतंत्र मार्ग बांधणे हे यावरील स्वाभाविक उत्तर, परंतु तेही सोपे नाही. मुंबईत पवई तलावाच्या काठी सायकल आणि जॉगिंगसाठी मार्ग उभारण्याचे महापालिकेचे काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पर्यावरणाच्या कारणावरून बेकायदा ठरवले. काशीत तर अरुंद गल्ल्या आणि घाटांच्या पायऱ्या यांमुळे नव्या मार्गाला जागाच नाही. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट असो, की शिंदे किंवा भोसले यांच्या नावाचा. हे घाट स्नानासाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी बांधले गेले. पंचक्रोशी परिक्रमेचा सुमारे ८० किलोमीटरचा मार्गही भाविक परंपरेने पायीच पूर्ण करतात.

त्यामुळे येथे संकेतांनाच नियमाचे मोल येते. ज्याचा वेग अधिक, त्याची जबाबदारी अधिक, हे त्यांतील मूलभूत तत्त्व. सायकलस्वाराने दुरूनच घंटी वाजवावी, वेग कमी करावा आणि उजवीकडून पुरेसे अंतर राखून पुढे जावे. पायऱ्यांजवळ व गर्दीत उतरून सायकल हाती धरावी. पहाटेच्या अंधारात दिवा आवश्यक आहे. धावणाऱ्यांनी डावी बाजू धरावी, पूर्ण वाट अडेल असे ओळीने धावू नये आणि वळण्यापूर्वी मागे पाहावे. दोघांनीही वृद्ध, बालके आणि अनवाणी यात्रेकरूंना प्रथम वाट द्यावी.

२०१७ च्या वाहनचालन विनियमांनी पादचारी व सायकलस्वारांविषयी विशेष दक्षता घेण्याची जबाबदारी मोटारचालकांवर टाकली आहे. तोच न्याय सायकलस्वाराने पादचाऱ्याच्या बाबतीत स्वतःला लावणे अपेक्षित आहे. तथापि, सौजन्याचा भार केवळ नागरिकांवर टाकून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही. गोदौलिया ते दशाश्वमेध हा गजबजलेला मार्ग पादचाऱ्यांसाठी राखण्याचा प्रयत्न वाराणसीत झाला आहे. पहाटेचे काही तास निवडक रस्ते मोटारींसाठी बंद ठेवले, तर धावणारे आणि सायकलस्वार यांच्यातील बराचसा वाद जागेअभावी उद्भवतो, हे स्पष्ट होईल.