भाताचा भाव जाहीर झाला, शाहूवाडीला काय मिळाले?

केंद्र सरकारने 2025-26 च्या खरिपासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आणि नाचणीचा 4886 रुपये ठरविला. आधीच्या वर्षापेक्षा भातात 69 रुपयांची वाढ झाली, नाचणीत 596 रुपयांची. आकडे वाचायला बरे वाटतात. शाहूवाडीच्या शेतकऱ्याच्या हाती त्यातले किती पडते, हा आमचा प्रश्न आहे.

हमीभाव मिळतो तो विकलेल्या मालाला. डोंगरकपारीतल्या शेतकऱ्याची जमीन एकरांत नव्हे, गुंठ्यांत मोजावी लागते. वर्षाचे खाणे, बियाणे, मुंबईला असलेल्या मुलांना पाठवायचा तांदूळ एवढे काढले की विकायला चार-सहा पोती उरतात. तेवढ्यासाठी नोंदणी, सातबारा, आधार, बँकेचे पासबुक आणि वर गाडीभाडे. शिवाय भातात ओलावा 17 टक्क्यांच्या आत हवा. आंबा घाटाच्या अंगाला कापणीतच परतीचा पाऊस गाठतो, तिथे ही अट पंजाबच्या खळ्यावर बसून लिहिल्यासारखी वाटते. मग माल गावच्या दुकानदाराकडे किंवा मलकापूरच्या बाजारात जातो. भाव कमी मिळतो, पण पैसे त्याच दिवशी मिळतात आणि जुनी उधारीही वळती होते.

हे केवळ एका तालुक्याचे दुखणे नव्हे. देशातील जेमतेम 6 टक्के शेतकऱ्यांनाच हमीभावाने विक्रीचा लाभ होतो, असे शांताकुमार समितीने 2015 मध्येच सांगितले होते.

अशा वेळी व्यापाऱ्याकडे बोट दाखविणे सोपे असते. 2018 मध्ये हमीभावाखाली खरेदी करणाऱ्यास एक वर्ष कैद व 50 हजार रुपये दंड करण्याचा प्रस्ताव राज्य सरकारने आणला. अनेक बाजार समित्यांत खरेदी थांबली, शेतकऱ्याचा माल पडून राहिला आणि प्रस्ताव बारगळला. सरकार स्वतः घेणार नाही आणि घेणाऱ्याला तुरुंग दाखविणार, हा न्याय आम्हाला तेव्हाही पटला नव्हता. अर्थात काट्यात मारणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही.

राज्याच्या भात बोनसची रीत आम्हाला अधिक बरी वाटते. 2023-24 च्या हंगामासाठी हेक्टरी 20 हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असा निर्णय झाला. येथे पोत्यांवर नव्हे, क्षेत्रावर पैसे आहेत. 20 गुंठेवाल्याच्या वाट्याला सुमारे 4 हजार रुपये येतात. खताचा खर्च तरी निघतो. पण त्यासाठीही खरेदी योजनेत आधी नाव नोंदवावे लागते. भंडारा-गोंदियाचा शेतकरी या व्यवस्थेला सरावलेला आहे, आपल्याकडचा नाही.

आणि ऊस? 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी आहे. 14 दिवसांत पैसे न दिल्यास कारखान्यावर 15 टक्के व्याज बसते. पैसे थकतात हे खरे, परंतु दर कायद्याने बांधलेला आहे आणि गिऱ्हाईक ठरलेले आहे. वारणा-कडवीच्या काठाला पाणी मिळताच भाताची खाचरे उसाखाली का जातात, याचे कोडे कुणाला पडू नये. वरच्या माळाला मात्र ऊसही नाही आणि गवे नाचणी ठेवत नाहीत.

आमच्या मते बोनससाठी वेगळी नोंदणी नकोच. 2021 पासून ई-पीक पाहणीत पीक व क्षेत्र चढतेच. तीच नोंद धरून भात आणि नाचणी दोन्हींना हेक्टरी रक्कम द्यावी. सातबारावर सात नावे असतील तर कसणाऱ्याचे नाव तलाठ्याने गावात बसून ठरवावे. खरेदी केंद्र तालुक्यातच असावे, ते कापणीच्या आधी उघडावे आणि तेथे भात वाळविण्याचे यंत्र ठेवावे. यंत्र येणार नसेल तर निदान पत्र्याची एक मोठी शेड तरी बांधावी.